गल्ल्यातला पैसा कुणाचा?



सामान्य काळातील पंचविसाव्या रविवारी, ‘क’ वर्षात, आमोस संदेष्टा आणि लबाड कारभारी आपल्याला एकाच मिस्सामध्ये भेटतात. आमोस तकोवाचा. गुरे राखणारा, उंबराच्या झाडांची निगा करणारा. आपल्या वसईच्या भाषेत वाडीवालाच म्हणा ना! ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात, देशात भरभराट असताना, त्याला व्यापारी दिसतात ते शब्बाथ कधी संपतो आणि दुकान कधी उघडतो या घाईत असलेले. धान्य मोजायचे माप लहान, पैसे तोलायचे वजन मोठे आणि गव्हाच्या नावाखाली भूस.

आपल्यापैकी बहुतेक दुकानदार असे नाहीत, हे आम्ही जाणतो. तरीही दुकाने बंद पडतात. काही वर्षांपूर्वी आम्ही एका तरुणाच्या दुकानाला आशीर्वाद द्यायला गेलो होतो. काचेची दारे, एसी, लांबलचक काउंटर. पवित्र पाणी शिंपडले, केक खाल्ला, “छान झालंय” म्हणालो आणि परतलो. यातले कर्जाचे किती, हे विचारायचे आम्हाला सुचले नाही. दीड-दोन वर्षांत शटर खाली आले. मुलगा प्रामाणिक होता, मापात त्याने कधी खोट केली नाही. पण घरचा किराणा गल्ल्यातून, बहिणीच्या लग्नाचा बँड गल्ल्यातून आणि उरले तर हप्ता गल्ल्यातून. जामीन राहिलेल्या थोरल्या भावाच्या पगारातून आता ते कर्ज फिटते आहे. दोघे भाऊ एकाच मिस्साला येतात. एक उजवीकडच्या बाकावर, दुसरा डावीकडे. (दोघांना विचारूनच हे लिहीत आहोत.) नीतिसूत्रांच्या पुस्तकात जामीन राहणाऱ्याला एवढा कळकळीचा इशारा का दिला आहे, हे आम्हाला त्या दोघांकडे पाहून कळले.

लूककृत शुभवर्तमानातला धनी आपल्या कारभाऱ्याकडे हिशेब मागतो. धंदा किती वाढवलास, हा प्रश्नच नाही. आणि कारभारी काय करतो? शंभर माप तेलाचे पन्नास लिहून घेतो, शंभर माप गव्हाचे ऐंशी. दुसऱ्याच्या मालावर स्वतःचा हात चालवतो. छोटा दुकानदारही कारभारीच असतो. संध्याकाळी गल्ला मोजताना नोटा सगळ्या सारख्याच दिसतात. पण त्यांतल्या काही माल देणाऱ्याच्या, काही हाताखालच्या पोऱ्याच्या, काही सरकारच्या, काही कर्ज देणाऱ्याच्या असतात. राहतात त्या आपल्या. कधी कधी काहीच राहत नाही, आणि तेही त्याच दिवशी कळलेले बरे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक भेद आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. घर चालवण्यासाठी मिळवायच्या धनाला मर्यादा असते, पैशाने पैसा वाढवण्याच्या हव्यासाला ती नसते. त्याचा अर्थ पुढे धर्मग्रामात आल्यावर उमगला. नफा वाईट नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ च्या ‘चेंतेसिमुस आन्नुस’ या परिपत्रकात नफ्याचे योग्य स्थान मान्य केले आहे. मात्र हिशेब चोख असूनही कामगारांचा अवमान होत असू शकतो, हेही तिथेच बजावले आहे. लेवीय पुस्तकात तर मजुराची मजुरी सकाळपर्यंतसुद्धा अडकवून ठेवायची नाही, अशी आज्ञा आहे. आपल्याकडे “पुढच्या शनिवारी बघू” हे किती सहज म्हटले जाते!

आगाशीकडची सुकेळी करणाऱ्या आजीबाईंना विचारा. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात घालायची, दिवसचे दिवस वाळवायची. घाई करून ओलसरच बांधली तर विकताना गिऱ्हाइकाला कळत नाही. घरी गेल्यावर कळते, आणि पुढच्या वर्षी ते गिऱ्हाईक येत नाही. धंदा वर्षानुवर्षे टिकतो तो अशा न दिसणाऱ्या दिवसांवर.

आपल्या वाडवडिलांना हे ठाऊक होते. १९१८ साली मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी वसईत सहकारी पतसंस्थेचा पाया घातला. तिचीच पुढे बसीन कॅथॉलिक बँक झाली. कर्ज घेणे हे पाप नव्हे. पण घरच्यांपासून लपवलेले कर्ज घर पोखरते. ज्या बायकोला दुकानाची वही दाखवता येत नाही, तिला अंगठी मात्र सोडवून दे म्हणून सांगता येते काय?

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर हॉलमध्ये आपल्यातीलच एक निवृत्त बँक कर्मचारी बसणार आहेत. ज्यांचा छोटा व्यवसाय आहे, किंवा सुरू करायचा आहे, त्यांनी वही घेऊन यावे. वही नसेल तर चिठ्ठ्या-चपाट्या घेऊन यावे. घरासाठी महिन्याला ठरावीक रक्कम कशी बाजूला काढायची, तेवढेच पहिल्या दिवशी पाहू. शक्यतो पती-पत्नी दोघांनी यावे. आम्हीही असू, आणि या वेळी कर्जाचे किती, ते विचारू.