गाय विण्याआधीचे तीन आठवडे

चि. सौ. ताईस,


तुझी जर्सी महिन्याभरात चौथ्यांदा व्यायची आहे आणि तू तिला रोज लसूणघासाच्या पेंढ्या नि वर कॅल्शियमची बाटली चालू केलीस, असं जावईबापू सांगत होते. तुझी माया कळते, पण या दोन्ही गोष्टी आजच थांबव. नोकरीत असताना विल्यावर बसलेल्या गायी मी खूप पाहिल्या. त्यांतल्या बऱ्याचशा चांगल्या घरच्या, मायेनं पोसलेल्या होत्या.

असं का होतं ते समजून घे. गायीच्या 100 मिलि रक्तात साडेआठ ते दहा मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. साऱ्या अंगातल्या रक्ताचा हिशेब केला तरी ते तीन ग्रॅमच्या आसपासच भरतं. आणि लिटरभर चिकातून जवळजवळ दोन ग्रॅम बाहेर जातं! म्हणजे पहिल्याच दिवशी दहा लिटर चीक निघाला, तर रक्तात आहे त्याच्या कितीतरी पट कॅल्शियम कासेतून गेलं. एवढा खर्च भागतो तो हाडांतल्या साठ्यातून. तो साठा सोडवणारी ग्रंथी गळ्यात असते. भाकड काळात चाऱ्यातूनच भरपूर कॅल्शियम मिळत राहिलं, तर या ग्रंथीला कामच उरत नाही, आणि ऐनवेळी सारी यंत्रणा जागी व्हायला दिवस-दोन दिवस लागतात. तेवढ्यात गाय बसते. लसूणघासात पोटॅशही फार असतं, त्यानं हाडं या ग्रंथीला दाद देईनाशी होतात. जर्सीला हा धोका जास्त, आणि तिसऱ्या वेतापासून तो वाढतच जातो.

म्हणून शेवटचे तीन आठवडे कडबा, मक्याचा चारा किंवा मुरघास, आणि बेताचा खुराक दे. गाय फार लठ्ठ होऊ देऊ नकोस. या दिवसांसाठी वेगळं क्षारमिश्रण मिळतं, चवीला कडसर असतं. ते डॉक्टरांना विचारूनच, आणि फक्त विईपर्यंत. नेहमीचं क्षारमिश्रण व्यायल्या दिवसापासून सुरू कर. बाटलीतलं कॅल्शियमही तेव्हा, गाय उभी असताना, गिळत असताना उपयोगी पडतं. वासराला लगेच पोटभर चीक पाज. पण पहिले दोन दिवस कास पूर्ण रिकामी करू नकोस.

विल्यानंतरचे तीन दिवस डोळ्यांत तेल घालून राहा. आधी ती बावरते, अंग थरथरतं, दात खाते, मागचे पाय ताठ पडतात. ही वेळ हातची घालवू नये. पुढे बसते, मान वळवून तोंड कुशीत घालते. कान गार, नाकपुडी कोरडी, शेण बंद. ताप नसतो, म्हणून घरचे म्हणतात थकली असेल, सकाळी उठेल. सकाळपर्यंत ती आडवी पडून गेलेली असते. रात्र असली तरी डॉक्टरांना उठव. फिरत्या पथकासाठी 1962 हा क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेव.

डॉक्टर येईतो तिला आडवी पडू देऊ नकोस, पोट फुगतं. छातीवर बसती ठेव, दोन्ही बाजूंनी भुश्श्याची पोती लाव, खाली पेंढा पसर, दर दोन तासांनी कूस बदल. तोंडात काहीही ओतू नकोस: तेल नाही, काढा नाही, पाणीसुद्धा नाही. या अवस्थेत तिला गिळता येत नाही, ओतलेलं फुफ्फुसात जातं. कॅल्शियमनं वाचली असती अशी गाय या ओतण्यानं गेलेली मी पाहिली आहे. शिरेतलं सलाईनही कुणा हौशी माणसाकडून लावून घेऊ नकोस. बाटली कोमट करून, हृदयाचे ठोके ऐकत, सावकाश द्यायची असते. घाईनं दिली तर हृदय बंद पडतं.

तुझ्या गावात कासेत हवा भरायची जुनी युक्ती कुणी सांगेल. तिच्यात तथ्य होतं. डेन्मार्कमधल्या कोल्डिंगच्या श्मिट या पशुवैद्यांनी 1897 मध्ये कासेत औषध सोडून गायी वाचवल्या, पुढे नुसत्या हवेनंही त्या उठू लागल्या. कास दाबली गेली की दूध उतरायचं थांबतं, कॅल्शियम रक्तात राहतं. रक्तातलं कॅल्शियमच घटतं, हे मात्र 1925 च्या सुमारास उमगलं. आज हा उपाय करू नकोस, सडातून घाण आत जाऊन दगडी होते.

औषध लागू पडलं की गाय थरथरते, ढेकर देते, शेण टाकते, नाकावर घाम येतो आणि बहुधा उठते. ती उठली म्हणून निर्धास्त होऊ नकोस. दर चारांतली एखादी दिवसभरात पुन्हा बसते. आणि न बसलेल्या गायीतही कॅल्शियम कमी असू शकतं. जार अडकला, अंग बाहेर आलं, कास सुजली, तर डॉक्टरांना ही शंका बोलून दाखव.

विण्याची तारीख मला कळव. त्याच्या आठ दिवस आधी मी तिकडे येतो. ‘ड’ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्यायचं की नाही ते तुझ्या डॉक्टरांशी बोलून ठरवू.

तुझा मामा