सेवा की वेठ?

जव्हाराजवळ शिरपामाळ म्हणून एक माळ आहे. छत्रपती शिवाजी महाराज १६६४ साली सुरतेच्या स्वारीस निघाले असता ह्या माळावर थांबले, आणि जव्हारच्या राजाने त्यांचे स्वागत करून त्यांच्या मस्तकी शिरपेच चढविला, असे ह्या प्रांती पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. माळाचे नावही त्यावरूनच पडले म्हणतात. तो मान आपखुशीने दिलेला होता. म्हणूनच साडेतीनशे वर्षे लोटली तरी लोक त्याची आठवण अभिमानाने काढतात. परंतु ह्याच डोंगरपट्टीतील माणसांच्या मस्तकांवर आणखीही एक वस्तू पुष्कळ काळ चढविली जात असे, आणि तिचे स्मारक कोणत्याही माळावर नाही. ती वस्तू म्हणजे वेठीचे ओझे.

ह्या शब्दाची आठवण आम्हांस एका मंडळीतील साध्या मनुष्याने करून दिली. वाचक बंधुभगिनींनो, ती गोष्ट आमच्या स्वतःच्या चुकीची आहे. तथापि ती सांगितल्यावाचून पुढील विचार उलगडणार नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या नाताळाची गोष्ट. आमच्या भागातील पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर कामास जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात, हे आपणांस ठाऊकच आहे. त्यांपैकी एक गृहस्थ सणासाठी चार दिवस गावी आला होता. आम्ही प्रभुवारी उपासनेच्या शेवटी कामांची यादी वाचून दाखविली: मंडप कोणी घालावा, पाणी कोणी भरावे, लाकडे कोणी फोडावी, रात्री सामानाची राखण कोणी करावी. त्याचे नाव मंडपाच्या दोन दिवसांस आणि राखणीच्या एका रात्रीस होते. आम्ही त्यास आधी विचारले नव्हते. त्याच दोन दिवसांचे मजुरीचे काम त्यास बाजारात मिळाले होते, ते त्याने सोडले. मंडप घातला, राखणही केली. सणानंतर आम्ही आभार मानताना मोठ्या उत्साहाने म्हणालो की, प्रभूच्या कामास मजुरी नसते. बाहेर पडताना तो हळूच म्हणाला, “पाळकसाहेब, रागावू नका. माझ्या आज्यानं सावकाराची वेठ केली. बाप सुटला. मला वाटलं, मीपण सुटलो.”

त्या क्षणी आम्हांस राग आला, हे आम्ही लपवीत नाही. पवित्र सेवेस हा मनुष्य वेठ म्हणतो! परंतु घरी येऊन ती यादी पुन्हा पाहिली तेव्हा राग उतरला. यादीत पंचांपैकी कोणाचे नाव नव्हते, पगारदारांपैकी कोणाचे नव्हते, आमचेही नव्हते. ज्यांस “नाही” म्हणता येते त्यांस आम्ही वगळले होते, आणि ज्यांस म्हणता येत नाही त्यांच्याच नावांनी कागद भरला होता.

वेठ म्हणजे काय, हे ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्टीस पुस्तकातून शिकावे लागले नाही. जमीनदाराचा निरोप आला की स्वतःचे शेत टाकून त्याच्या शेतावर जावे, असा दंडक होता. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघांनी धन्याकडे राबावे, त्यास लग्नगडी म्हणत. १९४५ साली डहाणू व उंबरगाव तालुक्यांतील वारल्यांनी ही वेठ नाकारली. त्या लढ्याची हकीकत गोदावरी परुळेकर ह्यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या पुस्तकात लिहून ठेविली आहे. पुढे १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगारीस मनाई केली, आणि १९७६ च्या कायद्याने कर्जापायी राबविण्याची पद्धत रद्द झाली. तेव्हा ज्याच्या आज्याच्या पाठीवर हे ओझे होते, तो मनुष्य बिनमजुरीच्या कामाकडे ज्या डोळ्यांनी पाहतो, ते डोळे आम्हां पाळकांस नसतात.

मग प्रश्न असा की, सेवा आणि वेठ ह्यांत भेद कोणता? दोहोंत मजुरी नाही. दोहोंत घाम सारखाच गळतो. बाहेरून पाहणाऱ्यास मंडपाचा खांब रोवणारा हात भक्तीने रोवीत आहे की भीतीने, हे दिसत नाही.

कोणी म्हणेल, भेद हेतूत आहे. काम देवाचे असले म्हणजे ती सेवा. परंतु पवित्र शास्त्र हे उत्तर मान्य करीत नाही. शलमोनाने देवाचे मंदिर बांधिले. त्याहून पवित्र हेतू कोणता असावा? तरी राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात वाचावे. त्या कामासाठी त्याने इस्राएलातून तीस हजार माणसे वेठीस धरिली आणि दहा-दहा हजारांच्या पाळ्या करून लबानोनात पाठविली. एक महिना डोंगरात, दोन महिने घरी. मंदिर उभे राहिले. परंतु त्याचा पुत्र रहबाम गादीवर येताच लोकांनी पहिली विनंती केली ती हीच की, आमचे ओझे हलके करा. त्याने ऐकले नाही. वेठीवरचा मुकादम अदोराम ह्यास लोकांनी दगडमार करून ठार केले, आणि राज्य दुभंगले. पुढे यहोयाकीम राजाने शेजाऱ्यास फुकट राबवून आपला वाडा बांधिला, तेव्हा यिर्मया संदेष्ट्याने त्याचा धिक्कार केला.

आता ह्याच्या शेजारी निवासमंडपाची गोष्ट ठेवा. रानात, नुकत्याच मिसराच्या वेठीतून सुटलेल्या लोकांकडून मोशेस पवित्र स्थान उभारावयाचे होते. ज्यांची पाठ अजून चाबकाने दुखत होती त्यांस कामास लावावयाचे होते. त्याने मुकादम नेमले नाहीत. ज्याच्या मनास स्फूर्ती होईल त्याने आणावे, ज्यास कसब असेल त्याने यावे, एवढेच सांगितले. स्त्रियांनी सूत कातून आणिले, बसालेलाच्या हाताखाली कारागीर जमले, आणि सामग्री एवढी साचली की छावणीत दवंडी पिटवावी लागली: आता पुरे, आणखी आणू नका. आमच्या मते भेद येथे आहे. वेठ घेणाऱ्याच्या तोंडी “पुरे” हा शब्द कधी येत नाही, आणि वेठ करणाऱ्याच्या तोंडी “नाही” हा शब्द येऊ शकत नाही. जेथे हे दोन्ही शब्द मोकळेपणाने बोलता येतात तेथेच सेवा शक्य आहे.

ह्यावर आमचे एक वयोवृद्ध उपदेशकबंधू आम्हांस म्हणाले, “प्रभूनेच तर सांगितले आहे की, कोणी एक कोस वेठीस धरिले तर दोन कोस जा. आणि कुरेनेकर शिमोनास शिपायांनी वेठीसच धरिले होते. तरी तो वधस्तंभ वाहणे हा त्याचा केवढा मान ठरला!” हा आक्षेप वजनदार आहे. परंतु तो उपदेश प्रभूने कोणास केला, हे पाहावे. ओझे वाहणाऱ्यास केला. ओझे लादणाऱ्यास नव्हे. दुसरा कोस चालणारा मनुष्य स्वतःच्या इच्छेने चालतो आणि त्या पावलापासून तो मोकळा होतो. परंतु “तू दुसराही कोस चाल” असे लादणाराच म्हणू लागला, तर तो दुसरा कोसही वेठीचाच झाला. शिमोनास मान मिळाला हे खरे. त्याबद्दल शिपायांची स्तुती मात्र कोणत्याही शुभवर्तमानात नाही. आम्हां पाळकांस नेहमी हा मोह होतो की वचन शिमोनाचे वाचावे आणि काम शिपायाचे करावे.

तर मग सर्वांस मजुरीच द्यावी काय? तसेही आम्हांस वाटत नाही. गरिबाकडून काही घ्यावयाचेच नाही, हाही एक अपमानच आहे. दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेस प्रभूने थांबविले नाही. मेथडिस्ट मंडळ्यांचा तर पाया अशा सामान्य माणसांच्या बिनपगारी सेवेवर घातला गेला. परंतु तो कसा घातला गेला हे पाहण्यासारखे आहे. १७४२ च्या फेब्रुवारीत इंग्लंडातील ब्रिस्टल गावी उपासनागृहाचे कर्ज फेडण्याचा विचार चालला होता. फॉय नावाच्या एका कप्तानाने सुचविले की प्रत्येकाने आठवड्यास एक पेनी द्यावी. दुसरा म्हणाला, पुष्कळांस तेवढेही परवडणार नाही. तेव्हा तो कप्तान म्हणाला की, सर्वांत गरीब असे अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्यास त्यांच्याकडे जाईन, आणि ज्यास देता येणार नाही त्याचे मी भरीन. जॉन वेस्लीच्या मंडळ्यांतील वर्गसभा ह्यातूनच निघाल्या. घरोघर जाताना पुढाऱ्यांस लोकांची सुखदुःखे कळू लागली, आणि पैशासाठी केलेली योजना जिवांच्या काळजीची योजना झाली. लक्षात घ्यावे की मागणाऱ्याने प्रथम स्वतःचा खांदा पुढे केला.

आपल्या मुंबईतही असे उदाहरण आहे. जॉर्ज बोवेन हे अमेरिकन मिशनरी १८४८ साली मुंबईस आले, आणि थोड्याच काळात त्यांनी आपला पगार सोडून गरिबीत राहणे पतकरिले. विल्यम टेलर १८७१ साली मुंबईस येऊन घरोघर वर्गसभा भरवू लागले, तेव्हा काही काळाने बोवेन त्यांस मिळाले. १८८८ साली त्यांचे निधन होईपर्यंत त्यांचा क्रम बदलला नाही. नारायण वामन टिळक ह्यांनीही १९१७ साली मिशनचे वेतन सोडून दिले. ह्या दोघांनी सोडिला तो स्वतःचा पगार. दुसऱ्याची मजुरी नव्हे. आम्ही त्या नाताळात दुसऱ्याची सोडिली होती आणि स्वतःची घेतली होती.

हा विचार आम्ही पंचांपुढे मांडिला, तेव्हा मतभेद झाले. शेवटी गेल्या नाताळासाठी काही गोष्टी ठरल्या. कोणाचेही नाव त्याच्या घरी जाऊन विचारल्यावाचून वाचू नये. यादीचा आरंभ पाळक व पंच ह्यांच्या नावांनी व्हावा. जो रोजच्या मजुरीवर जगतो त्यास दिवसाची मजुरी दानार्पणातून पाकिटात द्यावी. ती घरी नेणे किंवा गुप्तपणे परत दानपेटीत टाकणे ही त्याची मर्जी, आणि ते कोणी पाहू नये. पहाटे चारला उठून चूल पेटविणाऱ्या भगिनींनी शेवटच्या नव्हे, तर पहिल्या पंगतीस बसावे. आणि माणसे कमी आली तर मंडप लहान करावा, माणसांवरचे ओझे वाढवू नये.

मंडप खरोखरच लहान झाला. कर्णा लागला नाही. काही मंडळी कुरकुरली की शेजारच्या गावी सण मोठा झाला. तो गृहस्थ भट्टीवरून आला होता. विचारल्यावर दोन दिवस कामास आला, आणि दोन्ही दिवसांची पाकिटे घरी घेऊन गेला. आम्हांस थोडेसे वाईट वाटले. आम्ही मनात योजून ठेविले होते की तो ती परत टाकील, आणि मग ही गोष्ट आम्हांस व्यासपीठावरून सांगता येईल! ह्या वाईट वाटण्याचा शोध घेता आम्हांस कळून आले की, वेठीचे शेवटचे मूळ आमच्याच मनात शिल्लक होते. मजुरी घेण्याची मोकळीक दिली, पण तिचा उपयोग त्याने करू नये असे वाटत होते. मजुऱ्याचे वेतन सूर्य मावळण्यापूर्वी द्यावे, असे नियमशास्त्र सांगते. ते घेणाऱ्याने संकोच करावा, असे कोठेही सांगत नाही.

आपल्या गावांस वेठीवाचून दुसरीही एक चाल फार पूर्वीपासून ठाऊक आहे, ती सावडीची. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. तेथे मजुरी नाही, आणि तरी कोणी तिला वेठ म्हणत नाही. कारण तेथे प्रत्येक पाठ वाकते. मंडळीची सेवा ह्या चालीची असावी असे आमचे नम्र मत आहे. उपदेशकबंधूंनी आपापल्या गावच्या याद्या एकदा ह्या दृष्टीने वाचून पाहाव्या.

ह्या पावसाळ्यात, आवणीच्या दिवसांत, तोच गृहस्थ आमच्या दारी आला. घोंगडे झटकीत म्हणाला, “पाळकसाहेब, माणूस कमी पडतंय. येता का सावडीला?” आम्ही गेलो. रोपे वाकडी लागली, कंबर धरली, आणि पोरे हसली. दुपारी त्याने बांधावर आम्हांस नागलीची भाकर दिली. मजुरीचा विषय त्याने काढला नाही, आम्हीही काढला नाही.