‘नांव’, ‘नाव’ आणि ‘आढळत नाही’

संगणकाद्वारे शोध घेताना अभ्यासकापुढे दोन मार्ग असतात : शोधशब्दाची व्याप्ती वाढवावयाची, किंवा हाती आलेल्या नोंदी गाळून मोजक्या करावयाच्या. हा निव्वळ सोयीचा प्रश्न मानला जातो. परंतु ‘अमुक संकल्पना या वाङ्मयात आढळत नाही’ असे विधान प्रबंधात येते, तेव्हा तो नैतिक प्रश्न होतो.

1962 साली शासनाने स्वीकारलेल्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. तत्पूर्वीच्या छापील ग्रंथांत अभिधान या अर्थी ‘नांव’, तर होडी या अर्थी ‘नाव’ भेटते. अशा आवृत्त्यांत कोणी ‘नाव’ हा शब्द अक्षरशः शोधला, तर त्याला होड्या मिळतील, नावे मिळणार नाहीत. त्यानंतर त्याने कितीही काटेकोर चाळणी लावली, तरी तिच्यात जे पडलेच नाही ते निघणार कसे?

व्याप्ती वाढवली की सत्य जवळ येते, असेही नव्हे. ऱ्हस्वदीर्घाकडे दुर्लक्ष करण्यास यंत्राला सांगितले, की ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ एक होतात. दोन शब्द एकच मानणे हाही अर्थनिर्णयच आहे. तो यंत्राने केला म्हणून त्याचे उत्तरदायित्व अभ्यासकाकडून जात नाही. तरीही एक फरक उरतो. चुकून आलेला ‘सूत’ वाचून बाजूला सारता येतो. जे समोर आलेच नाही, त्याची उणीव जाणवतही नाही.

मोठ्या ग्रंथसंग्रहालयांपासून दूर, कड्यासारख्या गावी बसून संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. मांडणीवर एक पुस्तक शोधताना शेजारचे हाती लागावे, हा योग त्याच्या वाट्याला क्वचितच येतो. कड्याहून फार दूर नसलेल्या श्रीगोंद्याचे, ‘योगसंग्राम’कार शेख महंमद यांचाच शोध घ्या. महंमद, महमद, महम्मद, मुहम्मद अशी रूपे भेटतात. सर्व रूपे घेऊनही शेवटी ‘संतकाव्य’ ही चाळणी लावली, तर ‘सूफी’ या सदरात घातलेल्या नोंदी गळतात. ते वारकरी की सूफी, ही विभागणी त्यांना लागू पडते का, हाच ज्या प्रबंधाचा विषय असावयाचा, त्याचे उत्तर सूचीकाराने आधीच देऊन ठेवलेले असते (बिचाऱ्याला नोंद कोठेतरी घालणे भागच होते).

म्हणून ‘आढळत नाही’ असे लिहिताना कोणती रूपे शोधली, कोणती सदरे गाळली, हेही त्याच पानावर छापले जावे, परिशिष्टात नव्हे.