न दिसणारा शेजारी

गेल्या हिवाळ्यात आमच्या धर्मग्रामाने कर्करोग-संशोधनाच्या साहाय्यार्थ एक संगीतसंध्या आयोजित केली होती. युवकांनी गाणी बसवली, महिला मंडळाने स्वयंपाक सांभाळला, तिकिटे वर्ध्यापासून हिंगणघाटपर्यंत खपली. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी एक माउली भेटावयास आली. तिच्या तरुण मुलाला तोंडाचा कर्करोग. उपचारांसाठी नागपूरच्या फेऱ्या चालू होत्या. ती म्हणाली, "फादर, हा पैसा संशोधनाला जाणार म्हणता. मग माझ्या पोराचं काय?"

मला उत्तर सुचले नाही. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकलो खरे, पण पुस्तकातला प्रश्न असा समोरच्या खुर्चीत येऊन बसत नाही.

जेवणाच्या ताटाबदल्यात दिलेल्या पैशाला दान म्हणावे का, अशी शंका एका ज्येष्ठ शिक्षकांनी काढली होती. तिच्यात मला फारसे तथ्य वाटले नाही. काना गावच्या लग्नातही पाहुणे जेवलेच होते. माउलीची शंका मात्र निराळी. चांगल्या शोमरोन्याने वाटेवर पडलेला माणूस पाहिला, त्याच्या जखमा बांधल्या, खाणावळवाल्याच्या हाती दोन नाणी ठेवली. यरीहोचा रस्ता सुरक्षित करण्यासाठी त्याने वर्गणी गोळा केली नाही. डोळ्यांसमोरचा जखमी सोडून उद्याच्या वाटसरूची चिंता करणे हा शेजारधर्म कसा?

तरीही त्या रस्त्यावर रोज एक माणूस लुटला जात असेल, तर केवळ जखमा बांधत राहणे पुरेसे आहे काय? आपल्या विदर्भात खर्ऱ्याची पुडी शाळकरी मुलांच्या खिशातही सापडते. नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने 2004 साली प्रसिद्ध केला. तो कोणीतरी वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या म्हणूनच निघू शकला.

1999 साली तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर एक मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय त्यात होते. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 ग्रामीण स्त्रियांचे चार गट केले गेले. तिघांची निरनिराळ्या पद्धतींनी तपासणी झाली. चौथ्या गटाला माहिती दिली, तपासणी नाही. आठ वर्षांनंतर, ज्या गटाची विषाणू-चाचणी एकदाच झाली त्यात या रोगाने 34 मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या, किंचित लहान गटात 64. 2009 साली हे निष्कर्ष जगापुढे आले आणि एकदाच केलेली ही चाचणी किती जीव वाचवू शकते हे कळले.

वाचकहो, त्या 64 स्त्रियांपाशी मी थबकतो. तशी तपासणी तेव्हा त्या गावांत नेहमीच्या सेवेत नव्हतीच, हे संशोधकांचे म्हणणे खोटे नाही. तरी माझे मन पुरते समाधान पावत नाही. त्याही कोणाच्या आयाबहिणी होत्या आणि आपल्या मुलींना जे ज्ञान मिळाले त्यात त्यांचा वाटा आहे. संशोधनाला दिलेला पैसा म्हणूनच मला दानापेक्षा ऋणफेड वाटतो.

पण एक ऋण फेडताना दुसरे बुडवता येत नाही. लेडी मेहरबाई टाटा 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने त्या रोगाच्या संशोधनासाठी न्यास स्थापन झाला, आणि 1941 साली टाटांच्याच न्यासाच्या देणगीतून मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय उघडले. एकाच घराने दोन्ही केले. आधी कोणते, असा वाद घातल्याचे मी तरी वाचलेले नाही.

तिकिटे ज्या कारणासाठी विकली त्याच कारणासाठी पैसा गेला. लोकांना दिलेला शब्द मोडण्याचा अधिकार मला नव्हता, आणि माउलीला मी ते स्पष्ट सांगितले. ती काही बोलली नाही. पुढल्या रविवारी मिस्सानंतर तिच्या मुलासाठी वेगळी टोपली फिरवली. संगीतसंध्येला पुढच्या रांगेत बसलेले काहीजण तोवर घरी निघून गेले होते. जे जमले ते दोन महिन्यांच्या औषधांना आणि प्रवासाला पुरले. त्यापुढचे कोठून आणावे, हा विषय येत्या धर्मग्राम सभेपुढे ठेवला आहे.