घरधन्याला ठाऊक असते तर...



आज आगमनकाळाचा पहिला रविवार. आगमनचक्रातील पहिली मेणबत्ती पेटली, वेदीवर जांभळा रंग आला आणि घरोघरी नाताळच्या फराळाची यादी सुरू झाली. अशा वेळी मत्तयच्या शुभवर्तमानात (२४:३७-४४) प्रभू येशू एक विलक्षण उपमा देतो. चोर कोणत्या प्रहरी येणार हे घरधन्याला ठाऊक असते तर तो जागा राहिला असता, त्याने घर फोडू दिले नसते. मनुष्याचा पुत्रही असाच अनपेक्षित घटकेला येईल, म्हणून तुम्ही तयार असा, असे तो सांगतो. आपल्या येण्याला चोराच्या येण्याची उपमा देणारा असा गुरू दुसरा कोण असेल?

या उताऱ्यावर आपण मरणाविषयी आणि अंतिम न्यायाविषयी अनेक प्रवचने ऐकली आहेत. ती योग्यच आहेत. यंदा मात्र उपमेतल्या खऱ्या चोराकडेही थोडे पाहू या. येशूच्या श्रोत्यांना तो चांगला माहीत होता, म्हणून तर उपमा त्यांना पटली. मत्तयने 'घर फोडणे' यासाठी जो ग्रीक शब्द वापरला आहे त्याचा मूळ अर्थ 'खणून आत शिरणे' असा आहे. मातीच्या विटांची घरे, चोर दाराच्या वाटेला न जाता भिंतच खणत असे. आपल्या भिंती आता सिमेंटच्या आहेत. पण आजचा चोर फोन करतो, आणि दार आपणच उघडतो.

आपल्या धर्मग्रामातील एका वयस्कर भगिनीने मला सांगितलेली हकिगत तिच्या परवानगीने, ओळख पटणार नाही अशा बेताने सांगतो. मुले परदेशी, घरात त्या एकट्या. सकाळी फोन आला की तुमच्या आधार क्रमांकावर घेतलेल्या सिमकार्डाचा गैरव्यवहारात वापर झाला आहे. मग व्हिडिओ कॉल. समोर गणवेशातील माणूस, मागे सरकारी कचेरीसारखा देखावा, मोबाईलवर कोर्टाच्या शिक्क्याचा कागद. तुम्हाला 'डिजिटल अरेस्ट' केली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचे नाही, कोणाशी बोलायचे नाही, मुलांना कळवलेत तर त्यांनाही अटक होईल. तपासणी होईपर्यंत पैसे अमुक खात्यात ठेवा, निर्दोष ठरलात की परत मिळतील. दोन दिवस त्या तशाच बसून होत्या. दुसऱ्या दिवशी शेजारीण भांडे परत द्यायला आली, तेव्हा त्यांनी दाराआडूनच सांगितले, "डोकं दुखतंय गं, उद्या ये." शेजारीण गेली. त्याच दुपारी ठेव मोडून पैसे पाठवले गेले.

कायद्यात 'डिजिटल अरेस्ट' असा प्रकारच नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्येही हे स्पष्ट सांगितले होते. पोलीस, सीबीआय, ईडी किंवा न्यायालय कोणालाही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि चौकशीसाठी पैसेही मागत नाही. हे आता वर्तमानपत्रांतून आले आहे, फोनच्या रिंगच्या आधीही ऐकवले गेले आहे. तरी माणसे फसतात, कारण चोर आधी भीती घालतो आणि मग माणसाला एकटे पाडतो. 'कोणाला सांगू नका' हेच त्याचे खणण्याचे हत्यार.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्विनास आमच्या मानगुटीवर बसले होते. (फादरने अक्विनासचे नाव काढले की मागच्या बाकांवर डुलक्या सुरू होतात, हे मला वेदीवरून दिसते.) पण विवेक या सद्गुणाची त्यांनी केलेली फोड आज फार कामाची आहे. विवेकाचे आठ घटक त्यांनी सांगितले आहेत. त्यांत स्मरण, दूरदृष्टी आणि सावधगिरी असणार हे आपल्यालाही सुचले असते. पण त्यांत आणखी एक आहे: दुसऱ्याकडून शिकून घेण्याची, विचारून घेण्याची तयारी. विवेकाच्या बाबतीत कोणीही माणूस स्वतःपुरता पुरेसा नसतो, शहाण्या आणि वडीलधाऱ्यांनीही दुसऱ्याचे ऐकले पाहिजे, असे ते म्हणतात. म्हणजे शेजारणीला दारात थांबवून "अगं, असा असा फोन चालू आहे, तुला काय वाटतं?" एवढे विचारणे हा सद्गुण आहे. त्यात दुबळेपणा नाही. येशूची 'जागे राहा' ही आज्ञाही अनेकवचनी आहे. एकट्याने रात्रभर डोळे ताणून बसा, असे त्याने सांगितलेले नाही.

त्या भगिनीचे पैसे गेले, यापेक्षा मला अधिक दुःख पुढच्या गोष्टीचे झाले. नंतरचे तीन रविवार त्या मिस्साला आल्या नाहीत. का? लोक म्हणतील, एवढी शिकलेली बाई आणि अशी फसली. आणि लोक तसे म्हणालेही. बंधू-भगिनींनो, चोराने पैसे नेले आणि आपल्या जिभेने तिची रविवारची मिस्सा नेली. जेरुसलेमहून यरीहोला जाताना लुटल्या गेलेल्या माणसाला, "तू एकटाच त्या वाटेने का गेलास?" असे शोमरोनी माणसाने विचारले नाही. त्याने आधी जखमा बांधल्या. लाज वाटून लोक गप्प बसतात, तक्रार उशिरा होते, आणि चोराला नेमके तेच हवे असते. फसवणूक झाल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि आपल्या बँकेला कळवावे. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पळवले जातात. जितक्या लवकर कळवाल, तितकी ते वाटेतच गोठवले जाण्याची आशा जास्त.

ही खाती कोणाची असतात? येथे मला आपल्या तरुणांशी बोलायचे आहे. "तुझं बँक खातं काही दिवस वापरायला दे, कमिशन मिळेल," असे सांगणारे ओळखीचे मित्रच असतात. पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दिले की हातात काही हजार रुपये येतात. आपण कोणाचे घर फोडले नाही, असे त्या मुलाला वाटते. पण त्याच खात्यातून एखाद्या आजीची आयुष्याची पुंजी वाहून जाते आणि पोलीस शोधत त्याच्याच दारी येतात. संत ऑगस्टीन यांनी 'कबुलीजबाब' या आपल्या ग्रंथात सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर केलेली नासपतींची चोरी लिहून ठेवली आहे. भूक नव्हती, फळेही फारशी चांगली नव्हती. एकटा असतो तर केलीच नसती, असे ते म्हणतात. सोबत माणसाला वाचवते तशी बुडवतेही. आईवडिलांनो, मुलाच्या हातात नवा फोन आणि न सांगता येणारे पैसे दिसले तर विचारा. सातवी आज्ञा फक्त बाहेरच्या चोरांसाठी नाही.

आता लग्नसराईविषयी. आपल्याकडे नोव्हेंबर ते जानेवारी हा लग्नांचा हंगाम. पत्रिका घरोघरी जाते, हॉलचे फोटो तिथूनच स्टेटसवर चढतात, म्हणजे सारे कुटुंब बाहेर आहे आणि सोने घरी किंवा अंगावर आहे याची आपणच दवंडी पिटतो. फोटो दुसऱ्या दिवशी टाकले तर लग्न काही मोडत नाही. दागिने लॉकरमधून आदल्या दिवशी काढावेत आणि बँक उघडताच परत ठेवावेत. पहाटेच्या मिस्साला एकट्या जाणाऱ्या भगिनींनी दोघी-तिघी मिळून निघावे. वाटेत मोटारसायकलवरून कोणी येऊन "आम्ही पोलीस आहोत, पुढे खून झालाय, दागिने काढून कागदात बांधून ठेवा," असे म्हणाला तर तो पोलीस नाही. ही जुनी युक्ती आहे आणि अजून चालते. खरा पोलीस तुमचे दागिने पुड्यात बांधून देत नाही. भांडी-दागिने चकचकीत करून देणाऱ्याला ओट्यावरही घेऊ नये.

नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला वाडीच्या वाडी रिकामी होते. नहेम्याच्या ग्रंथात जेरुसलेमचा तट बांधताना शत्रूची धास्ती होती, तेव्हा लोकांनी देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही ठेवला. दोन्ही केले. म्हणून प्रत्येक समूहाने दोन-तीन घरांनी मध्यरात्री थांबून सकाळच्या मिस्साला यावे, अशी पाळी लावावी. रात्री थांबणाऱ्याचे नाताळचे पुण्य कमी होत नाही, हे मी लिहून देतो.

पाळी म्हटले की काठ्या निघतात, म्हणून हे बोलणे भाग आहे. आजच्या पहिल्या वाचनात यशया तलवारींचे नांगर होतील असे पाहतो. आपल्याच पालघर जिल्ह्यात १६ एप्रिल २०२० च्या रात्री गडचिंचले येथे चोर फिरत असल्याच्या अफवेतून जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाला ठार मारले. ते सुरतेला अंत्यविधीसाठी निघाले होते. त्याआधी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जण मुले पळवणारे समजून मारले गेले. ते भिक्षा मागत फिरणारे होते. दोन्ही ठिकाणी अफवा मोबाईलवरून पसरल्या होत्या, आणि मारणाऱ्यांना वाटत होते की आपण गावाचे रक्षण करतो आहोत. आपल्या बागांत राबणारे, बांधकामावर राहणारे, भाड्याच्या खोल्यांतले परप्रांतीय आणि आदिवासी बांधव यांच्याकडे बोट दाखवणे सर्वांत सोपे. त्या भगिनीला लुटणारा मात्र तिच्या वाडीत कधी आलाही नव्हता. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात अवश्य नोंदवावी, पण त्याचे नावही विचारावे, नाताळला त्याच्या घरी ताट पाठवावे. ओळखीचा माणूस हाच खरा पहारेकरी. रात्री संशयास्पद काही दिसले तर ११२ वर फोन करावा, शेजाऱ्यांना उठवावे, दिवे लावावेत. कोणी सापडला तर त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावे. हात उगारू नये. खातरी नसलेला मेसेज पुढे पाठवू नये, मग तो कोणीही पाठवलेला असो, फादरच्या नावाने आलेला असला तरी.

पुढील रविवारी सकाळच्या दुसऱ्या मिस्सानंतर हॉलमध्ये पोलीस ठाण्यातील अधिकारी सायबर फसवणुकीवर बोलणार आहेत आणि प्रश्नांना उत्तरे देणार आहेत. आजी-आजोबांना घेऊन या. त्यांचा फोनही आणा, म्हणजे युवक मंडळ त्यात १९३० आणि ११२ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत साठवून देईल. ज्या घरी वयस्कर माणसे एकटी राहतात अशा घरांची यादी समूहप्रमुखांनी येत्या बुधवारपर्यंत धर्मग्राम कार्यालयात द्यावी. आगमनकाळात रोज संध्याकाळी जपमाळेच्या आधी त्यांतील एका घरी जाण्याची पाळी आपण ठरवणार आहोत. दहा मिनिटे पुरे आहेत. आणि कोणी दाराआडून "डोकं दुखतंय, उद्या ये" म्हणाले, तर थोडा वेळ ओट्यावर बसून राहा.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू