लोकप्रतिनिधी आणि लसीची रांग

करोनाच्या लसीकरणास आरंभ होण्यापूर्वी, ११ जानेवारी २०२१ रोजी, मुख्यमंत्र्यांशी बोलताना पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी लोकप्रतिनिधींस आपली पाळी येईपर्यंत थांबण्याविषयी बजावले होते. तथापि १६ तारखेस, म्हणजे अगदी पहिल्याच दिवशी, पश्चिम बंगालमधील काही आमदारांनी, आपण रुग्णालयाच्या रोगी कल्याण समितीचे सभासद आहोत या सबबीवर, आरोग्यसेवकांसाठी राखलेल्या मात्रांतून लस टोचून घेतली. मौज अशी की, लस निर्धोक असेल तर पंतप्रधानांनीच ती प्रथम का घेऊ नये, असा सवाल त्याच सुमारास विरोधकांपैकी काही मंडळी करीत होती. पुढे गेला तर अधाशी आणि मागे राहिला तर भित्रा, अशा कचाट्यात लोकप्रतिनिधी सापडला खरा. परंतु हे दोन्ही आक्षेप एकाच वेळी रास्त असू शकतात.

१८९७ च्या जानेवारीत मुंबईत प्लेगने थैमान घातले असता वाल्डेमार हाफकिन यांनी आपण सिद्ध केलेली लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली, तेव्हा त्यांच्यामागे ताटकळणारी रांग नव्हती. होता तो केवळ संशय, आणि संशयाच्या काळात पुढे होणे म्हणजे जोखीम पत्करणे. कोव्हॅक्सिनलाही तिसऱ्या टप्प्यातील चाचण्यांचे निष्कर्ष हाती येण्यापूर्वीच परवानगी मिळाल्यामुळे खुद्द डॉक्टरांपैकी काहीजण कचरत होते. अशा वेळी शासनाच्या प्रमुखाने लोकांसमक्ष दंड पुढे केला असता तर त्यास मी रांग मोडणे म्हटले नसते. मोदींनी साठीपुढील नागरिकांची पाळी येईपर्यंत, १ मार्चपर्यंत, वाट पाहिली. ते नियमास धरून झाले, तरी मधल्या सहा आठवड्यांत एक उपयुक्त उदाहरण वाया गेले, असे मला वाटते.

पेरूचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मार्तीन विझकारा यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये, देशात लसीकरण सुरूही झाले नसता, सायनोफार्मची लस गुपचूप घेतली, आणि पुढील फेब्रुवारीत हे उघडकीस येताच आपण चाचणीतील स्वयंसेवक होतो असा खुलासा केला, जो चाचणी चालविणाऱ्या विद्यापीठाने खोडून काढला. अशा लाभार्थींची यादी ४८७ नावांपर्यंत पोहोचली आणि आरोग्य व परराष्ट्र या दोन्ही खात्यांच्या मंत्र्यांस पायउतार व्हावे लागले. जनतेस धीर देण्यासाठी जो पुढे होतो तो ते दडवीत नाही. दडविलेल्या लसीतून कोणासही धीर मिळणे शक्य नव्हते, उरला तो निव्वळ वशिला.

राज्यकारभार खंडित होऊ नये, हे कारण मूठभर पदांपुरते ग्राह्य आहे. अमेरिकन काँग्रेसच्या सभासदांस डिसेंबर २०२० मध्ये याच कारणास्तव लस देऊ करण्यात आली. परंतु पाचशेहून अधिक सभासदांपैकी एखादा आजारी पडल्याने तेथील राज्ययंत्र थांबले असते, असे कोणी गांभीर्याने म्हणणार नाही. याउलट आपल्याकडील एखादा नगरसेवक विलगीकरण केंद्रांतून रोज हिंडत असेल तर त्याचा हक्क सफाई कामगाराइतकाच पक्का आहे, मात्र तो त्या हिंडण्यामुळे, निवडून आल्यामुळे नव्हे. आणि तो खरोखर हिंडतो याचा दाखला त्याने स्वतः न देता प्रभागाच्या आरोग्य अधिकाऱ्याने द्यावा.