हसे कोणाचे?

माणूस घसरून पडला की पाहणाऱ्याला हसू येते, आणि पडणारा आपला नसेल तर ते आवरत नाही. हे हसणे पाप आहे काय, असा प्रश्न आम्हांला कधी पडला नव्हता. तो पडला लंडनमधील एका नाट्यगृहात, विदूषकांचा प्रयोग पाहताना.

स्लावा पोलुनिन हे १९५० साली जन्मलेले रशियन विदूषक. त्यांनी १९९३ साली उभा केलेला 'स्लावाज् स्नोशो' हा प्रयोग जवळजवळ शब्दांवाचून चालतो. प्रारंभीच पिवळ्या ढगळ पोशाखातला, लाल नाकाचा एक जीव पाय ओढीत आला. त्याच्या हातात दोर होता आणि दोराचा फास गळ्यात. सभागृहात हशा उसळला, आम्हीही हसलो. लाल नाकापुढे फास आम्हांला दिसलाच नाही! मग तो दोर ओढू लागला. ओढता ओढता दुसरे टोक आले, तर तेथे दुसरा विदूषक, आणि त्याच्याही गळ्यात फास.

पुढे एका प्रवेशात तो टांगलेल्या कोटाच्या बाहीत आपला हात घालतो, आणि तो रिकामा कोट निरोप देणाऱ्या प्रियजनासारखा त्याला कुरवाळू लागतो. लोक हसत होते आणि डोळेही पुशीत होते.

पिलाताच्या शिपायांनीही एक सोंग रचले होते. प्रभू येशूला जांभळा झगा, काट्यांचा मुकुट, आणि पुढे गुडघे टेकून थट्टा. समोरच्याचे दुःख आपले नव्हे, याची त्यांना खात्री होती. विदूषक नेमकी हीच खात्री काढून घेतो. पोप फ्रान्सिस यांनी १४ जून २०२४ रोजी व्हॅटिकनमध्ये शंभराहून अधिक विनोदी कलावंतांची भेट घेतली, तेव्हा खरा विनोद कोणाचा पाणउतारा करीत नाही, असेच त्यांनी सांगितले होते.

आमच्या धर्मग्रामात एक गृहस्थ होते. रविवारच्या मिस्साला झोकांड्या खात येत, मागच्या खांबाला टेकून उभे राहत आणि गायन संपल्यावरही एकटेच गात राहत. मुले घरी त्यांची नक्कल करीत, आम्ही पोट धरून हसत असू. पुढे ते येईनासे झाले. दारी जाऊन विचारपूस करावी, असे आम्हां कोणालाच सुचले नाही. त्यांचे पिणे कोणत्या दुःखापायी सुरू झाले, हे आम्हांला त्यांच्या अंत्यविधीच्या दिवशी कळले.

वाचकहो, हसणे ही देवाची देणगी आहे. तिला पाप कसे म्हणावे? परंतु हसून झाल्यावर आम्ही जागचे उठलो नाही. इतकी वर्षे पापनिवेदनाला जाऊनही आम्ही हे कधी सांगितले नव्हते. त्या प्रयोगानंतर सांगितले.